सड्यावरची कोरी जागा: रत्नागिरीच्या कातळशिल्पांच्या नोंदीचे प्रकरण

चिरेखाण, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची खाण, सुरू करायची तर आधी सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, साफ करावा लागतो. जेसीबी येतो, गवत, माती, सुटे दगड बाजूला सारतो, ऊनपावसाने टणक झालेला वरचा खडबडीत पापुद्रा काढून टाकतो आणि मग खालच्या सलग जांभ्याला कटर लागतो. खाणवाल्याच्या हिशेबात हा वरचा थर म्हणजे निव्वळ अडगळ, कारण त्याचा चिरा पडत नाही. रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांतली कातळशिल्पे, म्हणजे कातळात खोदलेली प्राचीन चित्रे, कोरलेली आहेत ती नेमकी याच थरावर. म्हणजे धोका खाण खोल गेल्यावर येत नाही, साफसफाईच्या पहिल्या सकाळीच येतो. त्यात कुणाचा वाईट हेतू असावा लागतो असेही नाही. मातीखाली बुजलेली रेघ जेसीबीवाल्याला दिसणार तरी कशी?

जांभा हे कायद्याने गौण खनिज. त्याचा परवाना महसूल खात्याकडून मिळतो. अर्जासोबत सातबारा, नकाशा, सहहिस्सेदारांची संमती असे कागद लागतात. या गठ्ठ्यात ‘या गट नंबरात कोरीव काम आहे’ असे सांगणारा एक तरी कागद असतो का, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. बाकीचे सगळे, जागतिक वारसा, पर्यटन, शिल्पांचे वय, त्याच्यापुढे गौण. वर्तमानपत्रांत मात्र नेमके उलटे होते.

प्रदेशवार यादी करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. जेम्स बर्जेस यांनी १८८५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांच्या जिल्हावार याद्या छापल्या आणि हेन्री कझेन्स यांनी १८९७ मध्ये त्या सुधारून पुन्हा काढल्या. आजही एखाद्या आडगावच्या देवळाचा जुना दाखला हवा असला की अभ्यासक आधी तिथेच हात घालतो. पण प्रत्येक यादी तिच्या काळाची नजर घेऊन येते. देऊळ, लेणे, किल्ला, मशीद, शिलालेख हे त्या नजरेला दिसे. उभे असलेले, चढून जाता येणारे, वाचता येणारे. सड्यावर पायाखाली आडवे पडलेले चित्र ही ‘वास्तू’ नव्हे, ‘वस्तू’ही नव्हे. ते उचलून संग्रहालयात नेता येत नाही आणि त्याला दारही नसते.

गावाला मात्र काही काही ठाऊक होते. गुरे घेऊन सड्यावर जाणाऱ्याला आपल्या वाटेवरची चित्रे माहीत असत. काही ठिकाणी त्यांना देवपण मिळाले होते आणि त्यामुळे ती राखलीही गेली होती. पुष्कळ शिल्पे मातीखाली बुजून विस्मरणात गेली होती. अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले ते बरेच उशिरा. १९९० च्या सुमारास निवळी फाट्याजवळच्या चित्राची चर्चा झाली. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळची शिल्पे १९९३ मध्ये तिथल्या पुरातत्त्व खात्याने उजेडात आणली, तीही स्थानिकांनी सांगितले म्हणून. पुढे २०१२ पासून सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव फिरून पद्धतशीर शोध सुरू केला. गुराख्यांना विचारायचे, शाळेत जाऊन मुलांना चित्रे दाखवायची, ‘असे काही तुमच्याकडे आहे का?’ म्हणायचे. मग फोनवर फोटो येऊ लागले. राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यात उतरले, २०१८ मध्ये अभ्यासासाठी चोवीस कोटींचा निधी राखल्याच्या बातम्या आल्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ‘कोकणातील कातळशिल्पे’ या नावाने नऊ ठिकाणे गेली. रत्नागिरीतली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात, मालवण तालुक्यातले कुडोपी आणि गोव्यातले पणसायमळ.

हा प्रवास कौतुकाचा आहे आणि त्याची कौतुके भरपूर झाली आहेत. मला इथे बोलायचे आहे ते त्याच्या आतल्या कारकुनी बाजूबद्दल. ती रुक्ष आहे हे कबूल, पण शिल्प वाचते किंवा जाते ते तिथे.

आधी आकड्यांचा घोळ पाहू. शिल्पे किती, असे विचारले की कुणी चारशे सांगतो, कुणी हजार, कुणी दीड हजारांच्या पुढे. वाचणाऱ्याला वाटते की आकडे फुगवले जात आहेत. तसे नसते. कशेळीचा हत्ती घ्या. साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी ही एक आकृती, आणि तिच्या पोटात मासे, जनावरे अशा कितीतरी लहान आकृत्या. ही एक नोंद की पन्नास-साठ नोंदी? जांभरूणला एकाच कातळावर पन्नासभर आकृत्या. मग जांभरूण एक की पन्नास? बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस. तो एक प्रसंग आहे की तीन शिल्पे? तीन म्हणून नोंदले तर त्यांचे एकमेकांशी असलेले नाते हरवते, आणि त्या चित्रात नाते हेच तर सगळे आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरल्या तशाच आकृतीची आठवण काढली जाते ती त्या नात्यामुळे, सुट्या माणसामुळे नव्हे.

म्हणून नोंदीला पायऱ्या लागतात. सर्वांत वर सडा, त्यावर ठिकाण, ठिकाणात समूह, समूहात आकृती. प्रत्येक पायरीला आपला क्रमांक. मग कुणी ‘किती?’ विचारले तर उलट विचारता येते, ‘काय किती?’ आणि महसुली कागदाशी जोडायची असते ती ठिकाणाची पायरी, आकृतीची नव्हे. कारण परवाना गट नंबराला मिळतो, हत्तीला मिळत नाही.

काळाचा रकाना त्याहून अवघड. जांभ्यावरच्या कोरीव रेघेचे वय थेट मोजता येईल असे तिच्यात फारसे काही नसते. मग अनुमान. गेंडा आज कोकणात नाही, तरी कोरला आहे. शेतीची दृश्ये दिसत नाहीत. म्हणून शिकारीवर जगणाऱ्या माणसांचे हे काम असावे, असा तर्क. त्यावरून दहा हजार वर्षे, वीस हजार वर्षे असे आकडे मथळ्यांत येतात. तर्क वाईट नाही, पण रकान्यात तो तर्क म्हणूनच उतरावा. ‘मध्याश्मयुग ते आद्य ऐतिहासिक काळ, आधार: आकृत्यांचा विषय’ असे लिहिले की पुढच्या माणसाला आधार तपासता येतो. नुसते ‘वीस हजार वर्षे’ लिहिले की तो आकडा फलकावर जातो, फलकावरून मुलांच्या निबंधात, आणि मग तो हलवायला कुणी धजत नाही.

आणखी एक गंमत जाता जाता. देवाचे गोठणे येथे माणसाची जी आकृती कोरली आहे तिच्याजवळ होकायंत्र भरकटते, सुई भलतीकडे वळते. तिथल्या रेखाटनावर होकायंत्राने उत्तरेचा बाण काढला तर चित्र फिरलेलेच उतरणार. अशा ठिकाणी दिशा कशावरून घेतली हेही टिपावे लागते. नोंद करणाऱ्याने आपले हत्यारही नोंदवायचे, हे शिकवायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

आता मुख्य मुद्दा. इंग्लंडात प्राचीन अवशेषांच्या नोंदींचे प्रदेशवार दप्तर परगण्यापरगण्यात आहे. ऑक्सफर्डशायरच्या संग्रहालयात १९६० च्या दशकात त्याची सुरुवात झाली. १९९० मध्ये सरकारी नियोजन-धोरणाने बांधकामाच्या अर्जावर निर्णय देताना पुरातत्त्वाचा विचार करणे घालून दिले तेव्हा या दप्तरांना खरा दात आला. २०१२ च्या धोरणात तर स्थानिक नियोजन यंत्रणेने असे दप्तर ठेवावे किंवा तिला ते उपलब्ध असावे, असे स्पष्टच म्हटले आहे. ती श्रीमंत देशाची व्यवस्था, आपल्याला जशीच्या तशी परवडणार नाही. पण तिच्यातली एक साधी युक्ती फुकट घेण्यासारखी आहे. तिथे ‘काय आहे’ ही एक नोंद आणि ‘कुणी, कधी, कसे पाहिले’ ही दुसरी नोंद. दोन्ही वेगळ्या ठेवतात आणि एकमेकींशी जोडतात. शेत चालून पाहिले, चर खणून पाहिला आणि काहीच मिळाले नाही, तर तीही नोंद होते. रिकाम्या हाताने परतणे हीसुद्धा माहिती.

आपल्याकडे नोंद होते ती फक्त सापडल्याची. त्यामुळे कातळशिल्पांच्या नकाशावर जे ठिपके आहेत ते शोधणारे जिथे पोचले तिथले ठिपके आहेत. मधली कोरी जागा दोन तऱ्हांची असू शकते. एक, तिथे लोक फिरले आणि काही मिळाले नाही. दोन, तिथे कुणी फिरलेच नाही. नकाशावर दोन्ही सारख्याच कोऱ्या दिसतात. परवाना देणाऱ्या टेबलावर मात्र दोन्हींचा अर्थ एकच लावला जातो, ‘तिथे काही नाही’. टेबलावरच्या माणसाला दोष द्यायचा नाही, त्याच्यापुढे तिसरे उत्तरच ठेवलेले नसते.

बारसूच्या वेळी हे लख्ख दिसले. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ मध्ये मागे पडल्यावर पर्याय म्हणून राजापूर तालुक्यातल्या बारसू-सोलगाव पठाराचे नाव जानेवारी २०२२ मध्ये राज्याकडून केंद्राला कळवले गेले. त्याच वर्षी बारसूचे कातळशिल्प युनेस्कोच्या संभाव्य यादीत होते. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा गावकरी सड्यावर उतरले, बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, धरपकड झाली. विरोधाचे मूळ जमीन, आंबा-काजू, पाणी आणि मासेमारी यांत होते, ते तसे सांगायला हवे. कातळशिल्पांचा मुद्दा त्याला येऊन मिळाला, आणि मिळू शकला तो केवळ यादीत नाव होते म्हणून. नाव असलेल्या शिल्पावर वाद घालता येतो. बेनामी शिल्पाला वकील मिळत नाही.

पण संभाव्य यादीत नाव येणे हे संरक्षण नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ती पुढे कधीतरी प्रस्ताव पाठवायची देशाने स्वतः केलेली यादी. तिच्यामुळे जमिनीवर कुठलेही कलम लागू होत नाही. कलम लागते ते केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली अधिसूचना निघाली तर. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतला अर्जाचा नमुना पाहा. त्यात प्रकल्पाच्या पंधरा किलोमीटर परिसरातल्या संवेदनशील जागा विचारल्या आहेत, त्यात सांस्कृतिक मोलाच्या जागाही आहेत. मात्र प्रश्न आहे ‘आंतरराष्ट्रीय करार, राष्ट्रीय किंवा स्थानिक कायद्याने संरक्षित’ क्षेत्रांचा. संरक्षित नसेल तर प्रामाणिक माणूसही ‘नाही’ लिहून मोकळा होऊ शकतो, आणि ते उत्तर खोटे ठरत नाही.

अशा वेळी ठरलेले उत्तर येते की शिल्पांच्या जागा वगळू, भोवती कुंपण घालू. ऐकायला समंजस वाटते. पण वगळायचे तर शिल्पाची कड कुठे संपते ते माहीत हवे, दोन ठिकाणांच्या मधला सडा कुणीतरी चालून पाहिलेला हवा. ज्या पठारावर आकृत्या विखुरलेल्या असतात तिथे नऊ नावांची यादी हातात घेऊन कुंपणाची रेघ मारता येत नाही.

या चुकीची उलटी बाजूही आपल्याकडे आहे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी १,६५५ प्रत्यक्ष जाऊन तपासली, तर ९२ जागेवर सापडली नाहीत. पुढे संसदेपुढे आलेल्या माहितीनुसार त्यातली ४२ मिळाली. राहिलेल्या ५० पैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ कुठे होती तेच कळेना. म्हणजे संरक्षण होते, अधिसूचना होती, यादीत नावही होते, नव्हता तो नेमका पत्ता. सड्यावर शिल्प आहे पण कागद नाही, आणि इथे कागद आहे पण स्मारक नाही. मला तर दुसरे प्रकरण अधिक लाजिरवाणे वाटते.

यादीचे वजन ती कुठल्या टेबलावर आहे यावर ठरते, याचा दाखला मुंबईत आहे. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-वास्तूंची यादी विकास नियंत्रण नियमावलीला जोडली गेली, देशातली अशी ती पहिलीच. श्रेणी एक, दोन अ, दोन ब, तीन. तीवर टीका पुष्कळ झाली. २०१२ मध्ये वाढीव यादी पुढे आली तेव्हा शिवाजी पार्क परिसरात रहिवासीच विरोधात उभे राहिले, आपल्या घराची पुनर्बांधणी अडेल म्हणून. पण महत्त्वाचे हे की नकाशा मंजुरीला गेला की यादी आपोआप आडवी येते, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. सड्यासाठी असे काही नाही.

तरीही शिवाजी पार्कवाल्यांची भीती कोकणातही आहे, आणि ती खोटी म्हणून झटकण्यात अर्थ नाही. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका गटाला वीस-पंचवीस नावे सहज असतात. निम्मे चाकरमानी मुंबईत, काहींचे वारस लागलेले नाहीत. सडा हा तसा निरुपयोगी, भात नाही, कलमे लावायची तर सुरुंगाने खड्डे मारायचे. त्याला भाव येतो तो चिऱ्यामुळे किंवा एखाद्या प्रकल्पामुळे. आणि तेवढ्यात कुणीतरी कॅमेरा घेऊन येतो नि म्हणतो, इथे इतिहास आहे. ‘एकदा सरकारचा शिक्का बसला की जमीन गेली’ हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. आणि त्या भीतीचा शेवट रातोरात फिरवलेल्या जेसीबीतही होऊ शकतो.

म्हणून नोंद आणि संरक्षण या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवायला हव्यात. नोंद कुणाची मालकी हिरावत नाही. ती एवढेच म्हणते, इथे काही करण्याआधी एकदा विचारा. पुढे काय करायचे ते जागेगणिक ठरते. उक्षीला गावकऱ्यांच्या पुढाकाराने शिल्पाभोवती कुंपण आले, उंचावरून पाहण्याची सोय झाली. शिल्प गावाचेच राहिले. देऊडचे शिल्प २०२४ मध्ये राज्य संरक्षित स्मारक झाले. आणखी एखाद्या ठिकाणी मोजून, रेखाटून, ड्रोनने चित्रे घेऊन ठेवणे एवढेच शक्य असेल. ते कमी आहे, पण काहीच नसण्यापेक्षा फार जास्त आहे.

नेमका पत्ता जाहीर करावा का, यावर माझे मत बदलत गेले आहे. पूर्वी वाटे की सगळे खुले असावे. मग चुना किंवा रांगोळी भरून फोटो काढणारे पाहिले, हत्तीच्या पाठीवर गाडी चढवणारे पाहिले. आता वाटते, लोकांसाठी गावापर्यंतचा पत्ता पुरे. गट नंबर आणि अक्षांश-रेखांश तलाठी, तहसील, खनिकर्म, पुरातत्त्व आणि ग्रामपंचायत यांच्याकडे असावेत. ग्रामपंचायत या यादीत हवीच. तिला वगळून केलेली नोंद गावात पाहुण्यासारखी राहते.

फार मोठी यंत्रणा यासाठी लागत नाही. गावनकाशा घ्यावा, सड्याचे गट रंगवावेत, आणि प्रत्येक गटापुढे तीनपैकी एक शेरा लिहावा: सापडले, पाहिले पण सापडले नाही, पाहिलेले नाही. शेऱ्यापुढे पाहणाऱ्याचे नाव आणि तारीख. तारखेला महत्त्व आहे, कारण सडा बारा महिने सारखा दिसत नाही. पावसात त्यावर पाणी, शेवाळ आणि रानफुले. पुढे गुडघाभर गवत. ते वाळून, कापून किंवा वणव्यात जाऊन कातळ उघडा पडायला माघ-फाल्गुन उजाडतो. त्यातही भर दुपारी उथळ रेघ दिसत नाही, ऊन तिरपे असावे लागते. सकाळी लवकर नाहीतर सूर्य कलल्यावर, सावली रेघेत उतरते तेव्हा. नोव्हेंबरात दुपारी बारा वाजता कुणी सडा चालून आला असेल तर त्याच्या ‘सापडले नाही’ला किती वजन द्यायचे, ते तारीख आणि वेळच सांगेल.

चिरेखाणींचे वेळापत्रकही पावसाला बांधलेले. पावसाळ्यात खाणी बंद, दसऱ्याच्या सुमारास पुन्हा हालचाल, अर्ज, परवाने. म्हणजे खाणीचा हंगाम सुरू होतो तेव्हा सडा गवताने झाकलेला असतो आणि सडा उघडा पडतो तेव्हा खाणी तीन-चार महिने चालून झालेल्या असतात. ‘पाहिलेले नाही’ असा शेरा असलेल्या गटाचा ऑक्टोबरातला अर्ज फेब्रुवारीपर्यंत थांबवावा लागेल. खाणवाल्याला ते परवडणार नाही आणि तो तसे बोलून दाखवेल. त्याचा हंगाम वाचवायचा असेल तर पाहणी अर्जाच्या आदल्या उन्हाळ्यात झालेली हवी, म्हणजे कोणत्या गटावर पुढच्या वर्षी खाण येऊ शकते याची यादी तहसीलने मार्चमध्येच पाहणाऱ्यांच्या हाती द्यायला हवी.